खिळ्यावरचा झाडू

एक

पाडळवाडीच्या अभ्यासिकेतलं इंटरनेट शनिवारी सकाळी बंद पडलेलं सापडलं, आणि ते बंद पडायला याहून वाईट दिवस शोधूनही मिळाला नसता. त्याच दुपारी दोन वाजता मयुरीची परीक्षा होती.

जळगावच्या एका माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकच जागा होती आणि तिच्यासाठी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही संगणकावर व्हायची होती. परीक्षेचं सॉफ्टवेअर अभ्यासिकेतल्या आठ नंबरच्या संगणकावर टाकून नोंदवून झालं होतं. दुसऱ्या मशीनवर ते चालणार नव्हतं, मोबाईलवर तर नाहीच. तसंही पाडळवाडीत मोबाईल असून नसल्यासारखा. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना जी टेकडी आडवी येते, तिच्या कुशीत हे गाव, त्यामुळे बोलण्यापुरती सिग्नलची एखादी काडी मिळवायलाही पाण्याच्या टाकीवर चढावं लागे.

झुलाल नाना ओट्यावर बसून चहा बशीत ओतत होते. मयुरी धापा टाकत आली.

"नाना, नेट गयं! कोनतंच मशीन चाली नही राह्यनं!"

नानांनी बशी खाली ठेवली. वय एकाहत्तर, त्यातली तेहतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर गेलेली. निवृत्त झाल्यावर माणूस शांत बसेल असं घरच्यांना वाटलं होतं, पण गावात नवी तार आली म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. दोन महिन्यांपूर्वी अभ्यासिकेत नेट बसवणाऱ्या मृणालीबाईंनी 'नवशिक्यांसाठी संगणक' असा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव झुलाल नानांचं लागलं. वर्गात सगळ्यात म्हातारे विद्यार्थी तेच, आणि वहीही सगळ्यात नीट त्यांचीच. ती वही काखेत मारून नाना निघाले.

अभ्यासिकेत सरपंच ज्योत्स्नाताई आधीच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ज्योत्स्नाताईंचा निकाल पुराव्याच्या आधी तयार असतो, हे गावाला ठाऊक होतं.

"नाना, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. आणि कोणी केलंय ते मला माहीत आहे. वना मोबाईलवाल्यानं. नेट आल्यापासून त्याच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही. मी पारोळ्याला निरोप धाडलाय. एक वाजता पोलीस येतील. तोवर कोणी एका वायरीलाही हात लावायचा नाही!"

"एक वाजता पोलीस, दोन वाजता परीक्षा," नाना म्हणाले. "ताई, पंचनामा होईल, पण पोरीचं काय होईल?"

ज्योत्स्नाताई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "एक वाजेपर्यंत तुम्ही बघा. डोळ्यांनी बघा, हातांनी नाही. वना कबूल झाला तर उत्तमच."

नाना मयुरीकडे वळले. ती आठ नंबरच्या खुर्चीवर बसली होती आणि काळ्या पडद्याकडे बघत होती. तिच्या वडिलांनी, प्रेमराजनं, मुलीच्या शिक्षणापायी गावाची किती बोलणी खाल्ली होती ते नानांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि रागही आला.

पण भिंतीवरच्या डब्याकडे नजर गेली आणि राग बाजूलाच राहिला. दिवे बंद असतील असं त्यांनी धरलं होतं. ते बंद नव्हते.

डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकाच वेळी, एकाच ठेक्यात, पिसाटल्यासारखे लुकलुकत होते.

दोन

टाकीच्या चव्वेचाळीस पायऱ्या चढून नानांनी मृणालीबाईंना फोन लावला. बाई वरणगावच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या, नोकरीला पारोळ्यात, आणि आज मामेभाऊ प्रशीलच्या लग्नाला धुळ्यात. फोनवर आधी बायकांचा गलबला ऐकू आला, मग बाईंचा दबका आवाज.

"नाना, बोला लवकर. पाच मिनिटांत लग्न लागतंय."

नानांनी सांगितलं.

"ग्रामपंचायतीच्या खोलीत पांढरा डबा आहे ना, बाहेरची काचेची तार जिथे येते तो? राउटर. त्याचा इंटरनेटचा दिवा कसा आहे?"

"हिरवा. येता येता बघून आलो."

"म्हणजे गावापर्यंत नेट आलंय. बाहेर काही तुटलेलं नाही. आता दोष..." मागून 'बुद्धं सरणं गच्छामि'चे सूर आले आणि बाई आणखी हळू बोलू लागल्या. "दोष खोलीतच कुठेतरी आहे. नाना, तुमची वही काढा. तिसरा धडा बघा. मी लग्न लागलं की फोन करते."

फोन बंद झाला. नाना टाकीवरच उकिडवे बसले आणि वही उघडली.

पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेली आकृती होती. बाहेरची तार येते राउटरमध्ये. राउटरचं काम म्हणजे गावचा पोस्टमास्तर: प्रत्येक संगणकाला एक नंबर देतो, कोणाचं टपाल कोणाला ते ठरवतो. राउटरमधून एक वायर भिंतीतून अभ्यासिकेत येते, ती दाराजवळच्या मोठ्या डब्यात. या डब्याला बाई स्विच म्हणत. त्यातून एक ते सहा नंबरच्या संगणकांना एकेक वायर. सातवी वायर पार पलीकडच्या भिंतीपर्यंत, तिथल्या छोट्या डब्याला. छोट्या डब्यातून सात आणि आठ नंबर. आकृतीत आणखी एक वायर होती, मोठ्या डब्यातून निघून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेली. तिच्यापुढे नानांनी लिहिलं होतं, 'नऊ नंबरचा संगणक येईल तेव्हा. तोवर खिळ्यावर गुंडाळून ठेवली आहे.'

तिसरा धडा. "ज्याचा पत्ता ठाऊक नाही, त्याला शोधायला संगणक सगळ्यांना हाक मारतो: अमुक नंबर कोणाचा? डबा ती हाक, वायर घालायच्या ज्या तोंडातून आली ते सोडून, बाकी सगळ्या तोंडांतून पुढे पाठवतो."

नानांनी ते वाक्य दोनदा वाचलं. तेव्हा त्यांना काही सुचलं नाही. पण एक गोष्ट मात्र त्यांना आयुष्यभराच्या नोकरीनं शिकवली होती. तार तुटली की लाइन गप्प होते. ही लाइन गप्प नव्हती, ही तर घसा फुटेस्तोवर ओरडत होती. मग वायर तोडणारा कोण, हा प्रश्नच चुकीचा होता की काय?

खाली उतरेपर्यंत गावात बातमी पसरली होती की काल संध्याकाळी अभ्यासिकेत दिसलेला वना दुकान बंद करून पळून गेला.

तीन

वना पळाला नव्हता. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत घाम पुसत बसला होता.

"नाना, आईशप्पथ सांगस, मी काही करं नही!"

"मंग काल संध्याकायले अभ्यासिकामा काय करी राह्यन्ता?"

नानांनी स्टूल ओढून घेतलं आणि निवांत बसले. समोरच्याला घाई नाही असं दिसलं की माणसं बोलतात, हा त्यांचा अनुभव.

"कोनले सांगू नका," अखेर वना म्हणाला. "फॉर्म भरी राह्यन्तू."

"कसाना?"

"नेटना. मना दुकानमा कनेक्शन लेवाना." त्याचे कान लाल झाले. "गावभर त्या नेटले शिव्या दिधात मी. आते कोनता तोंडवरी सांगू? तीन नंबरवर बसनू, साडेसहाले फॉर्म गया, पावती उनी. ही दखा."

पावतीवर वेळ होती, सहा वाजून बत्तीस मिनिटं. नानांना हसू आवरेना. ज्या माणसानं साडेसहाला नेट मागवलं, तो लगेच तेच नेट कशाला मारेल? शिवाय एक पक्की गोष्ट हाती आली: साडेसहापर्यंत नेट धडधाकट होतं.

"आणखी कोण होतं तिथं?"

"मी निंघनू तवय नवल दरवाजामा उभा व्हता."

नवल डिश आणि कॅमेरे बसवायचा. अभ्यासिकेचं काम आपल्याला न देता बाहेरच्या बाईला दिलं, हे त्याच्या पोटात दुखत होतं आणि ते तो लपवतही नव्हता. नानांनी त्याला पारावर गाठलं.

"हो, गेलो होतो. सरळ सांगतो. तिचं वायरिंग कुठे चुकलंय ते बघायला गेलो होतो. पण आत जाऊ दिलं तर ना! भिकुबाई फरशी पुसत होती. ओल्या फरशीवर पाय ठेवला असता तर तिनं मला पोछ्यानंच हाणलं असतं. दारातूनच परत आलो."

"मग वायरिंगमध्ये चूक काय दिसली?"

नवलनं मान खाजवली. "खरं सांगू का नाना? चूक काही दिसली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

नानांना नवल त्या क्षणी फार आवडला. पण संशयित दोन आणि दोघेही सुटले, साडेअकरा वाजले होते, आणि ओल्या फरशीची राखणदारीण तेवढी उरली होती.

चार

भिकुबाई अभ्यासिकेची किल्ली पदराच्या टोकाला बांधून हिंडायची. खोली झाडणं-पुसणं तिचं, आणि त्या खोलीचा अभिमानही तिचाच. नाना आले तेव्हा ती पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावत होती.

"नाना, मना हातथीनच काही व्हयनं का? पानी गयं व्हई का वायरमा?"

"पाणी गेलं असतं तर दिवे विझले असते, अक्का. ते तर नाचताहेत. तू रोज काय काय करतेस तेवढं सांग."

रोज झाडणं. शुक्रवारी पुसणं. पुसताना लोखंडी कपाट सरकवणं, कारण कपाटाखाली जाळी धरतात आणि ते भिकुबाईला बघवत नाही. मग कपाट पुन्हा जागेवर.

"केव्हापासून सरकवतेस?"

"पंधरा-वीस दिवस व्हयनात. आधी सरकावत नही व्हती. सरपंचताईनी सांगं, मंग सरकावाले लागनी."

नाना कपाटाशी वाकले. कपाटाचा मागचा पाय एका निळ्या वायरीवर बरोब्बर बसला होता. ती आठ नंबरची वायर. चेपून चपटी झालेली, पण तुटलेली नाही. नानांनी वहीत टिपलं.

"काल पुसताना कोणी आत आलं?"

"कोनी नही. नवल्या उना व्हता, त्याले हाकली दिधा."

नाना उठले, खोलीभर नजर फिरवली. हात पाठीमागे बांधलेले, ज्योत्स्नाताईंना दिलेला शब्द पाळायला. पलीकडच्या भिंतीवर छोटा डबा, तोही तसाच पिसाटलेला. त्याच्या वर एक खिळा. खिळ्यावर भिकुबाईचा झाडू ऐटीत लटकलेला.

"अक्का, झाडू इथं कधीपासून?"

"आज सकायपासून. खिया रिकामा दिसना, म्हनीसन लटकाडा. दाराआड ठेवस त पोरं लाथा मारतस."

नाना त्या खिळ्याकडे बघत राहिले. मग टेबलाखाली वाकले. छोट्या डब्याजवळ एक वायर नीट दुमडून ठेवलेली होती आणि दुमडीला आठाच्या आकड्यासारखी काळी प्लॅस्टिकची कडी अडकवली होती. ठिबकच्या नळीचं टोक दुमडून बंद करायला शेतात वापरतात ती. मृणालीबाई वायरी बांधायला पांढरे पट्टे वापरत. ही कडी त्यांची नव्हती.

तोडणारा माणूस वायर तोडतो आणि पळतो. दुमडून, कडी लावून, व्यवस्थित ठेवून जात नाही. नानांना पहिल्यांदाच वाटलं की आपण ज्याला शोधतोय त्याचा या खोलीवर राग नाही.

तेवढ्यात मयुरी आली. वडिलांना ती दादा म्हणायची. "नाना, तुम्ही जरा आमना मयामा जाशात का? दादा सकायपासून जेवनात नही. मना बोलनं ऐकी नही राह्यनात. म्हनतस, मनी पोरनं नशीबच शेवटलं."

पाच

प्रेमराजची पपईची बाग गावाला लागूनच होती. तो बांधावर डोकं धरून बसला होता. समोर भाकरी तशीच.

"नाना, पोरनं काय व्हई हो?"

"होईल नीट. एक वाजायला अजून अवकाश आहे. तू आधी भाकरी खा."

नानांनी त्याच्याशी पपईच्या गोष्टी काढल्या. दुःखात बुडालेल्या शेतकऱ्याला पिकाचं विचारलं की तो जरा वर येतो. प्रेमराज उठला, चार पावलं चालला, आणि नकळत दाखवू लागला.

"हाई शेवटली वळ दखा. पहिले आठे पपई मूठभर व्हये. पानी आठेपर्यंत येस तवय त्याना जोर सरेल ऱ्हास. मनं वावरच शेवटलं. पाटना टोकले मी, लाइनना टोकले मी. बठ्ठासना झाया नंतर माले."

"आणि आता?"

प्रेमराजच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. त्यानं मातीत अर्धा बुजलेला पाइप दाखवला. नळ्यांना पाणी देणाऱ्या आडव्या पाइपचं मोकळं टोक त्यानं वळवून आणून मुख्य लाइनीला दुसरीकडून जोडलं होतं.

"दोन्ही बाजूथीन पानी. आते शेवटला झाडलेबी तितकाच जोर. मना डोकानी युक्ती शे, नाना. कंपनीना मानूस दखीसन गया."

शेवटच्या ओळीतली पपई खरंच पहिल्या ओळीइतकीच भरली होती. नानांनी मनापासून वाहवा केली. प्रेमराज पुन्हा बांधावर बसला.

"मयुरीलेबी आठ नंबरच भेटना. टोकना. पंधरा दिवसपासून सांगी राह्यनी व्हती, दादा, मना कम्प्युटरले नेट सावकाश येस. आते त बठ्ठंच गयं."

नानांनी काही विचारलं नाही. बांधावर पपईच्या बुंध्याशी काळ्या कड्यांची एक माळ पडली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं. मग प्रेमराजला म्हणाले, "भाकरी खा आणि साडेबाराला अभ्यासिकेत ये."

परत येताना ते भिकुबाईपाशी थांबले.

"अक्का, काल पुसताना कोणीच आलं नाही म्हणालीस. फरशी वाळल्यावर?"

"वायल्यावर बी कोनी नही. मी हातपंपवर पोछा धवाले गई व्हती." ती थांबली. "प्रेमराजभाऊ उना व्हता. पन तो काय कोनी शे का? पोरनी फाइल ऱ्हायेल व्हती, ती लेवाले उना."

पंचनाम्यात ज्याला कोणी मोजत नाही असा एक माणूस असतोच. नाना पायरीवर बसले, वही उघडली, तिसऱ्या धड्यातलं ते वाक्य बोट ठेवून वाचलं, आणि या वेळी ते त्यांना लख्ख समजलं. आता हे त्या बापाला सांगायचं कसं?

सहा

साडेबाराला खोली भरली. ज्योत्स्नाताई, वना, नवल, भिकुबाई, मयुरी. प्रेमराज सगळ्यात मागे, दाराला टेकून.

"ताई, गुन्हा झालेला नाही," नानांनी सुरुवात केली. "चूक झालीय, आणि ती चांगल्या मनानं झालीय."

"नाव सांगा," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"आधी काय झालं ते सांगतो. बाहेरून नेट येतंय, राउटरचा दिवा हिरवा आहे. साडेसहापर्यंत सगळं चालू होतं, वनाकडे कागद आहे. कसला ते तो सांगेल तेव्हा सांगेल." वनानं मान खाली घातली. "वायर तुटलेली नाही. तुटली असती तर एखादा दिवा विझला असता. इथं तर सगळे दिवे वेड्यासारखे धावताहेत. म्हणजे काहीतरी कमी झालेलं नाही, जास्त झालंय."

त्यांनी झाडूकडे बोट केलं.

"माझ्या वहीत या खिळ्यावर एक वायर आहे. मोठ्या डब्यातून आलेली, नऊ नंबरसाठी राखून गुंडाळलेली. काल इथं वायर होती, आज इथं झाडू आहे. भिकुअक्कानं वायर काढून झाडू लावला नाही, खिळा रिकामा मिळाला म्हणून लावला. मग वायर गेली कुठं? तिचं मोकळं तोंड कोणीतरी या छोट्या डब्यात घातलं."

"घातलं तर घातलं," नवल म्हणाला, आणि लगेच त्याचे डोळे मोठे झाले. "अरे बापरे."

"तुला समजलं. यांना सांगतो. दोन डब्यांमध्ये एक वायर होती, आता दोन झाल्या. एका संगणकानं हाक मारली, अमुक कोण आहे रे? मोठ्या डब्यानं ती सगळीकडे पाठवली. छोट्या डब्याला ती एका वायरीनं पोचली, त्यानं दुसरीनं परत पाठवली. मोठ्याला वाटलं नवी हाक आली, त्यानं पुन्हा पाठवली. एक हाक गोल गोल फिरतेय, थांबायला जागाच नाही. त्यावर दुसरी, तिसरी. आता या खोलीत हजारो हाका फिरताहेत आणि कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही."

सगळ्यांच्या नजरा डब्याकडे वळल्या. दिवे तसेच लुकलुकत होते.

"पण असं कोण करेल?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

"नेट मारायचं असतं तर कोणीही वायर ओढली असती. हे करणाऱ्यानं वायर दुमडून कडी लावून ठेवली. त्याला नेट वाढवायचं होतं. शेवटच्या माणसाला दोन्ही बाजूंनी मिळावं असं वाटणारा माणूस, आणि ते शेतात करून जिंकलेला माणूस..." नाना थांबले. पुढचं नाव त्यांच्या जिभेवर येईना.

ते यायची गरज पडली नाही. दारातून आवाज आला.

"मी करं, नाना."

प्रेमराज पुढे आला.

"काल फाइल लेवाले उनू. मोक्या वायरनं तोंड दिसनं. माले वाटनं, हाई तोंड मोकं ऱ्हायनं म्हनीसन जोर कमी पडी राह्यना. छोटा डबामा जोडी दिधं का आठ नंबरले दोन्ही बाजूथीन येई. मनी पोर शेवटले बठेल व्हती..." त्यानं मयुरीकडे बघितलं. "मीच तिना नशीबवर पानी टाकं."

मयुरी उठली. सगळ्यांसमोर तिनं बापाचा हात धरला.

ज्योत्स्नाताईंनी घसा खाकरला. डोळे पुसल्याचं कोणाला दिसू नये म्हणून त्या भिंतीकडे वळल्या. "नाना, हात लावा वायरीला. परवानगी आहे."

"मी नाही. प्रेमराज, तूच काढ ती."

प्रेमराजनं वाकून काळी कडी सोडवली, छोट्या डब्यातलं ते टोक चिमटीत दाबून ओढलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग दिव्यांचा तो पिसाट नाच मोडला, एकेक दिवा आपापल्या चालीनं शांतपणे लुकलुकू लागला, आणि तीन नंबरवर बसलेला वना ओरडला, "उनं! उनं!"

"थांब, ते टोक टाकू नको," नाना म्हणाले. "ताई, पंधरा दिवसांपासून आठ नंबर सावकाश का चालतो ते ऐका. तुम्ही कपाट सरकवून पुसायला सांगितलं आणि कपाटाचा पाय त्याच्या वायरीवर बसला. पाणी कमी नव्हतं, नळी चेपली होती. ही आठ नंबरची जुनी वायर काढा. आणि प्रेमराज, तुझ्या हातातलं टोक सरळ पोरीच्या मशीनमध्ये घाल. वायर तू बरोबर निवडली होतीस, फक्त भोक चुकलं."

खिट्ट असा आवाज झाला. आठ नंबरच्या पडद्यावर परीक्षेचं पान असं झटकन उघडलं की मयुरी दचकली. एकला दहा कमी होते.

सात

एक वाजता पोलीस आले, चहा घेऊन गेले. दीड वाजता टाकीवर मृणालीबाईंचा फोन आला. नानांनी हकिगत सांगितली.

"नाना," बाई म्हणाल्या, "पुढचा वर्ग तुम्ही घ्या. मी बसते खाली."

परीक्षा संपेपर्यंत प्रेमराज अभ्यासिकेच्या पायरीवर हात मांडीखाली दाबून बसला होता, न जाणो पुन्हा कशाला हात लागेल. नाना शेजारी बसले.

"नाना, एक इचारू? छोटा डबालेबी एकच वायर. मंग शेवटलासले कमी भेटत नही का?"

"बाईंना मीही हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, त्या एका वायरीतून इतकं जातं की आठ काय, ऐंशी बसले तरी पुरेल. टोकाला बसला म्हणून कमी, असं इथं नसतं."

"भारी शे," प्रेमराज म्हणाला. "वावरमाबी असं जोयजे व्हतं."

अकराव्या दिवशी निकाल आला. तो वनाच्या दुकानात, वनाच्या नव्या नेटवर सगळ्यात आधी दिसला आणि गावभर वनानंच सांगितला. मयुरी निवडली गेली होती.

रुजू व्हायला जायच्या दिवशी नाना एसटी स्टँडवर निरोप द्यायला गेले. मयुरीची बॅग गाडीत चढली होती. प्रेमराज धावत आला, शर्टाला माती लागलेली, हातात सुतळीनं तोंड बांधलेली एक छोटी पिशवी.

"हाई काय, दादा?"

"माती. शेवटला वळनी." त्यानं पिशवी खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली. "तठे गई का पहिले हाई तपास."

मयुरीनं पिशवी दोन्ही हातांनी धरली. गाडी सुटली. नानांनी पाहिलं, पिशवीच्या तोंडाला सुतळीवरून आठाच्या आकड्याची ती काळी कडी घट्ट बसवलेली होती.